जोडांवरचा कित्ता: क्रेझी क्विल्टच्या चौकोनावर भरतकामाचे टाके गिरवताना

वेगवेगळ्या आकारांचे, पोतांचे आणि रंगांचे तुकडे एका साध्या पायाकापडावर तिरपेतारपे जोडून क्रेझी क्विल्टचा चौकोन तयार होतो, आणि त्या तुकड्यांमधला प्रत्येक जोड शोभेच्या टाक्यांनी झाकला जातो. अमेरिकेत १८८० च्या दशकात या कामाला मोठा बहर आला होता. १८७६ साली फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनातील जपानी कलावस्तू पाहून तिथल्या लोकांना असमान, तिरप्या मांडणीची ओढ लागली, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. त्या काळच्या स्त्रिया रेशीम, साटीन आणि मखमल यांचे जपून ठेवलेले तुकडे त्यासाठी वापरत असत.

आपल्याकडच्या गोधडीशी या कामाचे नाते जवळचे वाटते, परंतु एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवा. गोधडीत धावदोऱ्याचे काम सगळे थर एकत्र धरून ठेवण्याचे असते, म्हणून तो टाका उसवला तर गोधडीच सुटू लागते. क्रेझी चौकोनात तुकडे आधीच शिवून पक्के झालेले असतात आणि वरचा टाका केवळ शोभेचा असतो. त्यामुळे तो चुकला तर निःशंकपणे उसवावा आणि पुन्हा घालावा, चौकोनाला काहीही होत नाही. शिकणाऱ्या हाताला याहून मोठी मोकळीक दुसऱ्या कोणत्या भरतकामात मिळत असेल असे मला वाटत नाही.

टाक्यांचा सराव साध्या कापडावर रेघा मारून करण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि मीही तसाच केला होता. मांजरपाटाच्या पट्टीवर माझे टाके एकसारखे येऊ लागले, म्हणून मी मोठ्या विश्वासाने पहिल्या चौकोनाला हात घातला, आणि पहिल्याच जोडावर सगळी शिस्त मोडली. कारण असे की जोडाच्या एका बाजूला सुईला फक्त दोन थर लागतात, म्हणजे जुना तुकडा आणि खालचे पायाकापड, तर दुसऱ्या बाजूला नवा तुकडा, दोन्ही तुकड्यांची आत वळलेली माया (शिवणीपलीकडे सोडलेले कापड) आणि पायाकापड असे चार थर लागतात. जाड बाजूला दोरा जोराने ओढावा लागतो, पातळ बाजूला तोच जोर लावला की कापड गोळा होते, आणि एका बाजूला गुळगुळीत साटीन व दुसऱ्या बाजूला खरखरीत खादी असली तर हा फरक आणखी वाढतो. ही जाण सपाट कापडावर कधीच येत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की सराव चौकोनावरच करावा आणि प्रत्येक जोड हीच कित्त्यातली आखलेली ओळ समजावी. नऊ तुकड्यांच्या, २० सेंटिमीटरच्या चौकोनात सगळ्या जोडांची मिळून लांबी एक मीटरच्या आसपास भरते. पाच मिलिमीटरचे अंतर धरले तर एका चौकोनात सुमारे दोनशे टाके गिरवून होतात, आणि एवढ्या आवृत्त्यांनंतर हात आपोआप बसू लागतो.

कापड आणि चौकोन

कापडासाठी प्रथम घरातल्या कपाटाकडे वळावे. हळदीकुंकवाला आणि ओटीत मिळालेले ब्लाउजपीस प्रत्येक मराठी घरात साठलेले असतात, आणि सरावासाठी ते फार उपयोगी पडतात, कारण ते बहुतेक एकरंगी असतात आणि एकरंगी कापडावरच टाका स्पष्ट दिसतो. ब्लाउज शिवून देणाऱ्या शिंप्याकडे मागितली तर खणाची, इरकलीची आणि रेशमाची कात्रणे सहसा आनंदाने मिळतात. पायासाठी मांजरपाट विकत घ्यावा लागेल. मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमात्याच्या दुकानांत तो मीटरवर मिळतो, आणि एका मीटरमध्ये बरेच चौकोन निघतात. लेस, मणी, टिकल्या आणि जरीची किनार हवी असेल तर भुलेश्वरच्या गल्ल्या आहेतच, परंतु पहिल्या चार चौकोनांसाठी यांतले काहीही घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. मणी आणि टिकल्या वाकड्या टाक्याकडे जाणारी नजर दुसरीकडे वळवतात, आणि सरावात नजर त्या वाकड्या टाक्यावरच पडायला हवी.

सुती कापड आणि मांजरपाट शिवण्यापूर्वी धुऊन आटवून घ्यावा. लाल, राणी आणि गडद निळ्या रंगाचे तुकडे ओल्या पांढऱ्या कापडाखाली ठेवून इस्त्री फिरवावी, म्हणजे रंग सुटतो की नाही ते लगेच कळते. जुन्या रेशमी साडीचा तुकडा वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो, म्हणून एक परीक्षा सांगते. तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने हलकेच ताणावा, आणि तो कुठेही कुरकुरला किंवा चिरला तर सरळ बाजूला ठेवावा. आईच्या एका साडीचा पदर मी ही परीक्षा न करता चौकोनात बसवला होता. जोडावर सुंदर टाके पडले, पण महिन्याभरात त्या टाक्यांच्या भोकांपाशीच रेशीम फाटत गेले आणि तो तुकडा कायमचा गमावला, याची रुखरुख आजही आहे. जॉर्जेटसारखे निसटते कापड घ्यायचेच असेल तर त्याच्या मागे पातळ फ्युजिंग (एका बाजूला गोंद असलेले अस्तर) इस्त्रीने चिकटवून घ्यावे.

तयार चौकोन २० सेंटिमीटरचा हवा असेल तर मांजरपाट २५ सेंटिमीटरचा कापावा, कारण भरतकाम होत जाते तसतसा चौकोन आत ओढला जातो. मध्यभागी पाच बाजूंचा, साधारण मुठीएवढा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवावा. दुसरा तुकडा त्याच्या एका बाजूवर उलटा, म्हणजे सुलटीला सुलट लावून, ठेवावा आणि सात मिलिमीटर माया सोडून टीप मारावी. मग तो उलगडून इस्त्री करावी, पुढची बाजू धरून तिसरा तुकडा तसाच लावावा आणि याप्रमाणे मधल्या तुकड्याभोवती एकाच दिशेने फिरत जावे. नवा तुकडा आधीच्या जोडाचे टोक पूर्णपणे झाकेल एवढा लांब आहे ना, हे प्रत्येक वेळी टीप मारण्यापूर्वी पाहावे. नक्षीदार आणि एकरंगी तुकडे आलटून पालटून लावावेत, कारण दोन फुलाफुलांच्या तुकड्यांमधल्या जोडावर कितीही मेहनतीने भरले तरी टाका हरवून जातो. सात ते नऊ तुकडे पुरेत. शेवटी मांजरपाटाच्या कडेला चारही बाजूंनी एक मोकळा धावदोरा घालून तुकडे बसवून टाकावेत.

सुई, दोरा आणि खुणा

भरतकामाच्या नेहमीच्या लडीत सहा पदर असतात आणि लडीची लांबी आठ मीटर असते. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, एवढाच दोरा एका वेळी कापावा, आणि त्यातून पदर एकेक करून सरळ वर ओढून काढावेत. दोन-तीन पदर एकदम ओढले की ते गुंततात. एकेक काढलेले तीन पदर पुन्हा जुळवून सुईत ओवले तर टाका भरीव आणि सपाट बसतो. जोडावरच्या टाक्यांसाठी मला मात्र पीळ असलेला आठ नंबरचा पर्ल दोरा अधिक आवडतो, कारण त्याचे पदर फुटत नाहीत आणि टाक्याची वळणे उठून दिसतात. पर्ल दोऱ्यात नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक असतो, हे दुकानात लक्षात ठेवावे. सुई अणकुचीदार आणि लांबट नेढ्याची हवी. दोरा नेढ्यातून जाताना घासला जात असेल तर एक नंबर जाड सुई घ्यावी, कारण कापडात दोऱ्याला वाट करून देणे हे सुईचे काम आहे आणि बारीक सुईमुळे ते काम दोऱ्यालाच करावे लागून तो विसविशीत होतो. चार थरांतून सुई ढकलताना मधल्या बोटात अंगुस्तान घालण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

सरावासाठी दोऱ्याचे रंग तीनच निवडावेत आणि ते कापडांपेक्षा अगदी वेगळे दिसतील असे असावेत. चूक लपवणारा दोरा शिकवत नाही. हे रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी जुळवावेत, कारण रात्री ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरवा यांत फसगत होते.

खुणांच्या बाबतीत आळस करू नये. कागदी चिकटपट्टीच्या कडेला पट्टीने दर पाच मिलिमीटरवर पेन्सिलीच्या बारीक खुणा करून ती जोडापासून चार मिलिमीटर अंतरावर चिकटवली की टाक्याची उंची आणि अंतर दोन्ही एकदम मिळतात, आणि काम झाले की पट्टी काढून पुढच्या जोडावर लावता येते. मखमलीवर आणि जुन्या रेशमावर चिकटपट्टी लावू नये, तिथे शिंप्याचा खडू वापरावा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनची खूण इस्त्री करण्यापूर्वीच ओल्या बोळ्याने पुसून टाकावी, कारण उष्णता लागली की ती कायमची बसते.

खुणा करण्यापूर्वी थोडे गणित करावे. समजा जोड ७५ मिलिमीटर लांब आहे आणि तुम्हाला सहा मिलिमीटरचे अंतर हवे आहे, तर साडेबारा टाके येतात आणि शेवटचा अर्धा टाका कोपऱ्यात कुबड्यासारखा दिसतो. त्याऐवजी बारा टाके धरून अंतर सव्वासहा मिलिमीटर करावे. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही, पण दोन्ही टोके नीट जुळतात.

पहिला टाका हेरिंगबोन

पहिला पूर्ण चौकोन एकाच टाक्याने भरावा आणि तो टाका माशाच्या काट्यासारखा दिसणारा हेरिंगबोन असावा, असे मी प्रत्येक शिकणारीला सांगते. हा टाका जोडाच्या दोन्ही बाजूंना समान पाय टाकतो, त्यामुळे जाड आणि पातळ बाजूंतला फरक हाताला सर्वांत लवकर कळतो तो याच टाक्यात.

जोडाच्या खाली चार आणि वर चार मिलिमीटर अंतरावर दोन समांतर रेषा आहेत असे धरावे. काम डावीकडून उजवीकडे सरकते, पण सुईचे टोक मात्र सतत डावीकडे असते, आणि हे एकदा मनात बसले की निम्मा गोंधळ संपतो. खालच्या रेषेवर डाव्या टोकाला सुई वर काढावी. दोरा तिरपा उजवीकडे वर नेऊन वरच्या रेषेवर सुई घालावी आणि तिथेच डावीकडे दोन-तीन मिलिमीटर अंतरावर बाहेर काढावी. मग दोरा तिरपा उजवीकडे खाली न्यावा आणि खालच्या रेषेवर तसाच एक लहान टाका उजवीकडून डावीकडे उचलावा. वर एक, खाली एक, असे करत पुढे गेले की तिरप्या रेघांच्या फुल्या जोडाच्या डोक्यावर पडत जातात.

फुली नेमकी जोडावर पडत नसेल तर दोन बाजूंची अंतरे असमान झाली आहेत. फुल्या वरच्या टोकाला अरुंद आणि खाली रुंद दिसत असतील तर उचललेल्या लहान टाक्यांची लांबी बदलते आहे. आणि जोडाच्या पातळ बाजूला कापडाला बारीक चुण्या पडत असतील तर त्या बाजूला दोरा ओढताना हात सैल करायला हवा. माझी पद्धत अशी आहे की जाड बाजूचा टाका बोटाने ओढून बसवते आणि पातळ बाजूचा टाका दोरा नुसता खाली ठेवल्यासारखा सोडते. चार जोड झाल्यावर हे विचार न करता होऊ लागते.

त्याच चौकोनात पुढच्या जोडांवर मापे बदलून पाहावीत. एका जोडावर रेषा तीन मिलिमीटरवर आणि टाके दाट, दुसऱ्यावर रेषा आठ मिलिमीटरवर आणि टाके विरळ असे करावे. आठ मिलिमीटरवर टाका आतल्या मायेच्या पलीकडे जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोनच थर लागतात, आणि हा फरक हाताने अनुभवण्यासारखा आहे. नवव्या तुकड्यापर्यंत येताना चिकटपट्टी काढून केवळ जोडाच्या आधाराने एक ओळ घालून पाहावी.

कोणता जोड आधी भरायचा, याचाही नियम आहे. चौकोन शिवताना जो जोड आधी शिवला तोच आधी भरावा. आधीच्या जोडाचे टोक पुढच्या तुकड्याखाली जाते, म्हणून त्या टोकाशी टाक्यांची सुरुवात आणि शेवट थोडा ओबडधोबड राहिला तरी पुढच्या जोडावरची ओळ त्याच्यावरून जाऊन तो झाकून टाकते. उलट क्रमाने गेले तर प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीच्या अंगावर आदळते.

काज टाका, फेदर आणि बाकीचे

दुसऱ्या चौकोनासाठी काज टाका घ्यावा. याची गुंफलेली कड जोडावरच धरून चालता येते, म्हणून तो सोपा वाटतो, आणि तरीही त्यातून किती प्रकार निघतात याला सीमा नाही. डावीकडून उजवीकडे जाताना सुई वरच्या बाजूला घालून जोडावर बाहेर काढायची आणि बाहेर येताना दोरा सुईच्या टोकाखाली ठेवायचा, एवढीच त्याची कृती आहे. उभ्या पायांची उंची दोन, चार, सहा, चार, दोन मिलिमीटर अशी चढती-उतरती ठेवली की देवळाच्या शिखरांसारखी रांग तयार होते. दोन पाय एकमेकांकडे झुकवले की तंबू होतात, पाच पाय एकाच भोकातून काढले की पंखा होतो. एका चौकोनात यांपैकी तीन प्रकार पुरेत. जोडावरची कड सैल पडून लोंबू लागली तर प्रत्येक टाक्यानंतर दोरा कापडाच्या पातळीत, स्वतःकडे ओढावा. वरच्या दिशेने उचलून ओढल्यास कड कधीच सरळ बसत नाही.

तिसरा टाका फेदर. क्रेझी क्विल्टच्या जुन्या नमुन्यांत हा टाका जागोजागी आढळतो, आणि त्याचे कारण तो घालून पाहिल्यावर कळते. वेलीसारखा तो जोडाच्या दोन्ही बाजूंना फांद्या टाकत खाली उतरतो आणि जोडाची थोडी वाकडी झालेली रेघही आपल्या वळणात सामावून घेतो. चौकोन असा फिरवून घ्यावा की जोड आपल्या समोर उभा येईल. वरच्या टोकाला जोडावर सुई काढावी, त्याच पातळीवर पाच मिलिमीटर उजवीकडे सुई घालून तिरपी खाली, जोडावर, बाहेर काढावी आणि दोरा सुईखाली अडकवावा. पुढचा टाका डावीकडे, त्याच्या पुढचा पुन्हा उजवीकडे. प्रत्येक फांदीचा आकार पसरट पेल्यासारखा राहायला हवा. दोरा जास्त ओढला की पेल्याची चिमटी होते, आणि तीच यातली सर्वांत नेहमीची चूक आहे. एकेक टाका साधला की एका बाजूला दोन किंवा तीन टाके घालून दुहेरी-तिहेरी फेदर करून पाहावा. त्याची नागमोडी चाल मला सगळ्या टाक्यांत देखणी वाटते.

कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग वापरावी की नाही, हा प्रश्न इथे येतो. काज टाका, फेदर आणि साखळी टाका यांत सुई एकाच झोकात आत जाऊन बाहेर यावी लागते, त्यामुळे ताणून बसवलेल्या रिंगीत ते अवघड जातात. हे टाके हातात धरून किंवा सैल रिंगीत घालावेत. गाठीचे आणि भरीव टाके मात्र घट्ट रिंगीतच चांगले बसतात. रिंगीच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळावी आणि काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर तिचा वळ साटीनवरून जाता जात नाही.

साखळी टाका, फ्लाय, क्रेटन आणि शेवरॉन हे त्यानंतर कोणत्याही क्रमाने घ्यावेत. शेवरॉन दिसायला हेरिंगबोनचा भाऊ असला तरी त्याच्या टोकांवरच्या आडव्या दांड्या समान लांबीच्या ठेवणे कठीण असते, म्हणून तिथे चिकटपट्टी पुन्हा लावावी.

दुसरा थर

जोडावरची मूळ ओळ सरळ आली की तिच्यावर दुसरा थर चढवता येतो, आणि क्रेझी क्विल्टचे सारे वैभव या थरात आहे. हेरिंगबोनच्या प्रत्येक फुलीवर दुसऱ्या रंगाचा एक लहान उभा टाका घालून ती बांधावी, दोन फुल्यांमधल्या रिकाम्या जागेत गाठीचा टाका घालावा आणि वरच्या टोकांवर लेझी डेझीच्या, म्हणजे सुट्या साखळी टाक्याच्या, तीन पाकळ्या उमलवाव्यात. एकाच जोडावर हे तिन्ही करण्याऐवजी आधी तीन जोडांवर एकेक करून पाहावे. मूळ ओळीतले अंतर चुकले असेल तर दुसरा थर ती चूक दुप्पट करून दाखवतो, म्हणून वाकड्या ओळीवर सजावट चढवू नये.

गाठीच्या टाक्यात, ज्याला फ्रेंच नॉट म्हणतात, बहुतेकींचा हात एकाच ठिकाणी अडतो. सुईवर दोऱ्याचे एक किंवा दोन वेढे घेतल्यावर सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकात परत घातली तर गाठ मागे निसटते. एक-दोन धागे सोडून शेजारी सुई घालावी आणि ती पूर्ण खाली जाईपर्यंत दोऱ्याचे मोकळे टोक डाव्या हाताने ताणून धरावे. गाठ मोठी हवी असेल तर वेढे वाढवण्याऐवजी दोऱ्याचे पदर वाढवावेत, ती अधिक गोल येते. मखमलीत गाठ बुडून जाते, तिथे लेझी डेझी बरी.

एखादा मोठा एकरंगी तुकडा रिकामा वाटत असेल तर त्याच्या कोपऱ्यात कोळ्याचे जाळे भरावे. जुन्या क्रेझी क्विल्टांत ते वारंवार दिसते. कोपऱ्यातून पाच-सहा लांब सरळ टाके पंख्यासारखे पसरायचे आणि त्यांच्यावर आडव्या धाग्यांच्या कमानी लहान टाक्यांनी बांधून बसवायच्या. जरीचा दोरा घेतला तर तो ३० सेंटिमीटरपेक्षा लांब कापू नये, कारण प्रत्येक ओढीत त्याचे वरचे वेष्टन झिजत जाते. विणलेला गुलाब करायचा असल्यास आधाराच्या काड्या (सरळ टाके) पाच, म्हणजे विषमच, घ्याव्यात. सम संख्या घेतली तर वर-खाली विणीची चाल प्रत्येक फेरीत तीच पडते आणि गुलाब उमलत नाही.

मागची बाजू आणि पावसाळा

मांजरपाटाची मागची बाजू ही माझी वही आहे. प्रत्येक जोडाच्या मागे पेन्सिलीने टाक्याचे नाव, दोऱ्याचे पदर, अंतर आणि तारीख लिहावी. ‘हेरिंगबोन, ३ पदर, ६ मिमी’ एवढी नोंद पुढे एखादी ओळ पुन्हा तशीच घालावीशी वाटली तर फार कामाला येते. मागे अस्तर लागणार असल्यामुळे गाठी मारल्या तरी चालतात, पण एका जोडावरून दुसऱ्या जोडावर दोरा लांब ओढून नेऊ नये, तो ताण पुढच्या बाजूला दिसतो.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सुयांची विशेष काळजी घ्यावी लागते. चौकोनात टोचून ठेवलेली सुई दोन-तीन दिवसांत गंजू शकते आणि गंजाचा डाग रेशमावरून सहजासहजी निघत नाही. म्हणून उठताना सुई कापडातून काढून लोकरीच्या तुकड्यात टोचावी आणि डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. दमट हवेत बोटांना घाम येतो आणि फिकट दोरा मळतो, तेव्हा शेजारी सुती रुमाल ठेवावा आणि पांढऱ्या, मोतिया रंगांचे काम सकाळी हात धुऊन करावे.

भरून झालेला चौकोन जाड टॉवेलवर उलटा ठेवून मागूनच इस्त्री करावी, म्हणजे गाठी आणि पाकळ्या चेपत नाहीत. त्यानंतरच तो कडांना एक-एक सेंटिमीटर माया धरून २२ सेंटिमीटरचा कापावा. असे चार चौकोन जोडले की ४० सेंटिमीटरच्या उशीचा अभ्रा होतो. जोडताना जे दोन नवे लांब जोड मध्यभागी अधिकचिन्हासारखे पडतात, तेही भरायचे असतात, आणि ते चौकोनांतल्या जोडांपेक्षा लांब व सरळ असल्यामुळे तिथे तिहेरी फेदर शोभून दिसतो. रेशीम आणि जरी असलेले चौकोन लगेच जोडायचे नसतील तर ते घडी न घालता मलमलीत गुंडाळून ठेवावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, आणि ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की एकदा सावलीत पसरून वारा द्यावा.